सोळा खाटांचं पान

१

संध्याकाळी पाच वाजता वॉर्डातल्या स्क्रीनवर ‘दोन’ असं होतं. दुपारी साडेबाराला त्याच जागी ‘वीस’ होतं, असं सिस्टर म्हणत होत्या, आणि त्यांच्याशिवाय दुसरं कोणीही तसं म्हणत नव्हतं.

सात नंबरच्या खाटेवरचे निवृत्त बसड्रायव्हर एकाला दहा कमी असताना गेले. हृदयाचे ठोके आवरणारं औषध त्यांना दोन मिलिग्रॅम द्यायचं होतं, मिळालं वीस. सुई सिस्टरनी दिली होती. रुग्णालयाचे अधीक्षक, हृदयाचे मोठे डॉक्टर आणि आणखी दोघं त्या स्क्रीनभोवती उभे राहिले, तेव्हा सिस्टरनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. आकडा बदलला नाही. शिवाय औषध दिल्यावर त्यांनी केलेली ‘दिले’ ही खूणही तिथे नव्हती. आधी चूक करायची आणि वर नोंदही करायची नाही, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर आलं. 

ही मंगळवारची गोष्ट. शुक्रवारी चौकशी समिती बसायची होती. बावीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्या कागदावर कधी लाल शाई उमटली नाही, त्या सिस्टरचा परवाना तीन दिवसांत जाणार हे उघड होतं. बुधवारी सकाळी सिस्टर बाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

बाईंना सगळे बाईच म्हणत. तीस वर्षांपूर्वी त्या रुग्णालयात पहिलं मोठं युनिक्स मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आलं, तेव्हा त्याच्यासमोर बसायला दुसरं कोणी धजत नव्हतं म्हणून बाई बसल्या. दहा वर्षं त्यांनी ते सांभाळलं, पुढे कॉलेजात शिकवलं आणि आता गुडघ्याला पट्टा बांधून घरी असत. जीभ मात्र निवृत्त झाली नव्हती.  सिस्टरना त्यांनी खुर्चीत बसवलं आणि चहा पुढे ठेवला.

“बाई, मी खोटं बोलत नाहीये,” सिस्टर म्हणाल्या. “पण आता मलाच वाटायला लागलंय, की मी वीस पाहिलंच नसेल. ते गेल्यावर चार वाजेपर्यंत मी तीनदा जाऊन बघितलं. तिन्ही वेळा वीस. पाच वाजता दोन. माणसाला वेड लागतं ते असंच लागत असेल का?”

बाईंनी कागद ओढला आणि वेळा लिहून घेतल्या. परवाना जाण्यापेक्षा हे वाईट होतं, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. सिस्टर स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावून बसत चालल्या होत्या.

“तू वेडी असशील तर तेही मी तुला तोंडावर सांगेन,” त्या म्हणाल्या. “पण आधी मशीनला विचारू दे.”

२

मशीनरूम तळघरात होती. तिथल्या प्रमुखाला रुग्णालयात किल्लीदार म्हणत. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. वीस वर्षांपूर्वी खोलीच्या किल्ल्या आणि मशीनचा मुख्य पासवर्ड त्यांनी ज्या पोरसवदा माणसाच्या हातात दिला, तो हाच. आता त्याचे केस पिकले होते. बाईंना पाहताच तो उठला, स्वतःची खुर्ची दिली आणि गुडघ्याची चौकशी केली.

टेबलावर त्याच्या मुलीचा फोटो होता, धावण्याच्या शर्यतीतला. पोर कशी आहे, असं बाईंनी विचारलं. आठव्या वर्षी ती हातची गेली होती, मोठ्या डॉक्टरांनी तिचं हृदय उघडून तिला परत आणलं होतं. “धावते आता,” किल्लीदार म्हणाला आणि फोटो उगाच सरळ केला.

मग त्याने लॉग उघडून दाखवला. औषधांच्या फाइलमध्ये कोणीही काही लिहिलं किंवा बदललं की इथे एक ओळ उमटायची: कोणी, किती वाजता, कोणत्या खाटेसाठी. काय लिहिलं हे मात्र त्यात नसे. लॉग वेगळ्या डिस्कवर होता, त्यामुळे एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नसे. सात नंबरच्या खाटेच्या मंगळवारच्या ओळी दोनच होत्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर, साडेबाराला सिस्टर.

“ओळ नाही म्हणजे हात लागला नाही, हे तुम्हीच शिकवलंय,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी लिहिलं ते तसंच आहे. सिस्टर थकल्या असतील. माणूस आहे.”

“साडेबाराची तिची ओळ लॉगमध्ये आहे. मग ‘दिले’ची खूण फाइलमध्ये का नाही?”

नेटवर्कला झटका बसला की एखादी नोंद अर्ध्यात राहते, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला. बाईंनी मान डोलावली. मंगळवारी आणखी काय झालं, हेही त्यांनी विचारून घेतलं. सकाळी त्याची मदतनीस, जिला सगळे धाकटी म्हणत, डिस्कची एक कमजोर जागा तपासत होती. ती एक वाजता गेली. सव्वाचारला मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, कारण पंखा बदलायला माणूस आला होता.

निघताना बाईंनी डिस्कची जशीच्या तशी एक प्रत मागितली. किल्लीदाराने ती लगेच दिली. लपवण्यासारखं काही असतं तर त्याने इतक्या सहज दिली नसती, असं त्या जिना चढताना स्वतःला दोनदा म्हणाल्या.

३

धाकटी वरच्या व्हरांड्यात भेटली. पंचविशीची, नखं खाणारी, पण हातात वही आणि वहीत प्रत्येक कामाची वेळ. बाईंना ती वही आवडली.

तिने सांगितलं ते साधं होतं. डिस्कची एक जागा कमजोर असल्याची सूचना येत होती. अशा जागेवरचं वाचून तेच परत लिहिलं, की डिस्क आपोआप ती जागा बदलून घेते. ती जागा औषधांच्या फाइलच्या शेजारीच होती. म्हणून धाकटीने फाइलच्या वाटेने न जाता अख्खी डिस्कच मेमरीत मॅप केली. म्हणजे डिस्कचा तो भाग मेमरीत आणून ठेवला. मेमरीत जे लिहाल, ते मशीन सवडीने खाली डिस्कवर उतरवतं. असं लिहिणाऱ्याला फाइल उघडावी लागत नाही.

“आणि लॉगमध्ये ओळ?” बाईंनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. वर्गात हा धडा त्यांनी पंचवीसदा तरी शिकवला होता.

धाकटीचं नख दातांतच राहिलं. “ओळ येत नाही,” ती म्हणाली. “लॉग फाइलवर नजर ठेवतो. मी खालून गेले होते.”

वहीत लिहिलं होतं: अकरा अठ्ठेचाळीस, मॅप केली, आजूबाजूची पानं वाचली. पण काम पुरं झालं नाही. तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, उशीर झाला, आणि एक वाजून पाच मिनिटांनी ती फाटकातून बाहेर पडली. प्रोग्राम तसाच उघडा राहिला. लिहायची परवानगीही चालूच होती. साहेब समोरच बसले होते, म्हणून तिला काळजी वाटली नाही.

“बाई, माझ्यामुळे काही झालंय का?”

बाईंनी तिला खरं ते सांगितलं, की अजून माहीत नाही.

पंखेवाल्याला त्यांनी फोन केला. तो जरा घुश्शातच होता. आपल्याला चारला बोलावलं, फाटकावर अडवून ठेवलं, आणि चार वीसला आत सोडलं तर मशीन आधीच बंद करून ठेवलेलं. “पंखा आम्ही चालू मशीनवरही बदलतो हो. बंद करायला मी कशाला सांगेन? तुमच्या साहेबांनीच केलं असेल.”

बाईंनी फोन ठेवला आणि चार वीसची वेळही कागदावर लिहून घेतली.

४

गुरुवारी सकाळी गाठ सुटली, ती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. बाई तिथे गेल्या त्या फक्त गरम पाण्याची पिशवी भरून घ्यायला. तिथल्या मावशी कोणीतरी ऐकायला मिळावं म्हणून टपूनच होत्या. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी नऊ नंबरच्या आजींसाठी बिनमिठाचं वेगळं जेवण रांधलं, ताट वर पाठवलं, तर आजी दुपारीच घरी गेलेल्या. “यादीत नाव होतं म्हणून केलं. मशीनने सांगितलं आजी आहेत. आता मशीनपुढे मी काय शहाणपणा करू?”

बाईंची पिशवी अर्धीच भरली होती. त्यांनी ती तशीच ठेवली.

वर येऊन त्यांनी लॉगचा कागद घेतला, पट्टी घेतली, आणि मंगळवारच्या एकेका ओळीचा परिणाम डिस्कच्या प्रतीत सापडतो का ते ताडून पाहायला लागल्या. सिस्टर शेजारी बसून ओळी वाचत होत्या. काम कंटाळवाणं होतं, पण दीड तासात चार ओळी अशा निघाल्या, की ज्या लॉगमध्ये होत्या आणि फाइलमध्ये नव्हत्या. नऊ नंबरच्या आजींना घरी सोडलं, बारा पाच. सात नंबरला औषध दिलं, साडेबारा. बारा नंबरच्या पेशंटची एक गोळी बंद केली, दोन चाळीस. चौदा नंबरचं सलाइन काढलं, तीन चाळीस.

“बारा नंबर,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “ती गोळी काल सकाळी त्यांना पुन्हा दिली गेली. त्यांना गरगरायला लागलं म्हणून कळलं. आता बऱ्या आहेत.”

तीन नंबरच्या तापाची अकरा चाळीसची नोंद मात्र जागेवर होती. आणि सतराव्या खाटेपासून पुढे, अठ्ठेचाळीसाव्यापर्यंत, एकही ओळ हरवली नव्हती. मशीन बंद होण्याच्या दहा मिनिटं आधीचीसुद्धा.

बाईंनी पट्टी खाली ठेवली. त्या फाइलमध्ये प्रत्येक खाटेला दोनशे छप्पन्न अक्षरांची जागा होती. हा हिशेब त्यांनी स्वतःच कधीकाळी बसवला होता. मशीन मात्र मेमरीत आणि डिस्कवर नेताना-आणताना एकेक अक्षर उचलत नाही. ते अख्खं पान उचलतं, चार हजार शहाण्णव अक्षरांचं. सोळा खाटांचं एक पान.

“सिस्टर,” त्या म्हणाल्या, “तू वीसच पाहिलंस. पहिल्या सोळा खाटा मंगळवारी दुपारी अकरा अठ्ठेचाळीसवर परत गेल्या. एक आकडा बदलायला कोणीतरी सकाळचं अख्खं पान दुपारच्या पानावर चिकटवलं.”

सिस्टर रडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले आणि बऱ्याच वेळाने काढले.

५

अधीक्षकांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, मग ती धाकटीच. पान तिने उघडलेलं, वेळ तिच्या वहीत, माणूस गेला एकाला दहा कमी असताना आणि ती बाहेर पडली एक पाचला. पंधरा मिनिटं भरपूर झाली. कारण पुढे कळेलच. त्यांनी फोनकडे हातही नेला.

“कारण नंतर, आधी वेळ बघा,” बाई म्हणाल्या. “वॉर्डातल्या नोंदी फाइलच्या वाटेने जातात. त्या वाटेला त्याच पानाची स्वतःची वेगळी प्रत असते, मेमरीत. या दोन प्रती एकमेकींशी बोलत नाहीत. धाकटीने एकच्या आधी खालून ‘दोन’ लिहिलं असतं, तर दोन चाळीसला बारा नंबरची गोळी बंद झाली, तेव्हा वॉर्डाकडचं अख्खं पान, वीससकट, पुन्हा डिस्कवर उतरलं असतं. तिची करामत तिथेच पुसली गेली असती. तीन चाळीसला चौदा नंबरची नोंद झाली, ती या पानावरची शेवटची. म्हणजे बदल त्यानंतर झाला. आणि सव्वाचारच्या आधी, कारण मशीन बंद झाल्यावर दोन्ही प्रती गेल्या आणि डिस्कवर जे होतं तेच नव्याने वर आलं.”

अधीक्षकांनी फोनवरचा हात काढला.

पंखेवाला तेव्हा फाटकावर अडकलेला. बाईंच्या मनात एकच नाव उरलं होतं आणि ते त्यांना उच्चारायचं नव्हतं. म्हणून त्या आधी मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी स्वतःच कोणाला तरी गळ घातली असेल, सगळं पाप त्यांच्याच माथी निघेल, अशी आशा त्यांना वाटत होती आणि त्या आशेची लाजही वाटत होती.

डॉक्टर तीन रात्री झोपले नसावेत. सोमवारी-मंगळवारी सलग तीस तास काम झालेलं, हे त्यांनी न विचारता सांगितलं. सात नंबरचं औषध लिहिताना बोट कुठे पडलं ते खरोखर आठवत नाही, असंही सांगितलं.

“म्हणून मी स्वतः तळघरात गेलो,” ते म्हणाले. “साडेतीनची वेळ असेल. मी दारातच उभा राहिलो, स्क्रीनकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, तूच बघ आणि सांग, मी काय लिहिलंय. त्याने पाहिलं आणि म्हणाला, दोनच आहे डॉक्टर, तुम्ही घरी जाऊन झोपा.”

“साडेतीनला?” बाईंनी विचारलं.

“साडेतीनला. तीन पस्तीसला मी गाडीत होतो. पाचला अधीक्षकांनी परत बोलावलं, तेव्हा स्क्रीनवरही दोनच होतं.”

साडेतीनला साऱ्या रुग्णालयातल्या कुठल्याही स्क्रीनवर ‘दोन’ नव्हतं. बाईंनी डॉक्टरांचे आभार मानले. जिना उतरून त्या तळघरात गेल्या.

६

किल्लीदार एकटाच होता. बाईंनी दार लावून घेतलं आणि या वेळी त्याची खुर्ची घेतली नाही.

त्यांनी आवाज चढवला नाही. पान, चार नोंदी, दोन चाळीस, तीन चाळीस, पंखा, सव्वाचार, सगळं एकामागून एक त्याच्यासमोर ठेवलं. तो ऐकत होता तसा वर्गातही ऐकायचा, मान थोडी तिरकी करून. शेवटी त्या म्हणाल्या की दुसऱ्याचं उघडं काम आयतं मिळालं म्हणून त्याने वापरलं, तिथेच तो फसला. स्वतः नव्याने मॅप केलं असतं तर ताजं पान आलं असतं, चारही नोंदी जागेवर राहिल्या असत्या, आणि त्या स्वतःसुद्धा काही सिद्ध करू शकल्या नसत्या. पान किती वाजताचं आहे हे धाकटीला माहीत होतं. त्याला नव्हतं, आणि त्याने विचारलंही नाही.

“घाई होती,” तो म्हणाला. “आणखी एखादी नोंद पडायच्या आत मशीन बंद करायचं होतं. तेवढं लक्षात राहिलं. पानाचं वय नाही राहिलं.”

“अरे, पण का?”

त्याने फोटोकडे पाहिलं. “ते दारात उभे होते, बाई. हात थरथरत होते. त्याच हातांनी माझ्या पोरीचं हृदय धरलं होतं. मी स्क्रीन पाहिली, वीस होतं, आणि माझ्या तोंडून दोन निघून गेलं. ते घरी गेले. मग मला वाटलं, बोललोय तर आता ते खरं केलं पाहिजे. सिस्टरचा विचार तेव्हा डोक्यात आलाच नाही. पाच वाजता त्यांना चष्मा पुसताना पाहिलं, तेव्हा आला.”

“मंगळवारी पाचला आला. आज गुरुवार आहे.”

 बारा नंबरच्या पेशंटला पुन्हा दिलेली गोळी त्याला ठाऊकच नव्हती. ती बाईंनी सांगितली तेव्हा त्या पेशंट आता कशा आहेत, असं त्याने दोनदा विचारलं. कुंपणानेच शेत खावं तसं झालं होतं, आणि ते कुंपण बाईंनी स्वतः घातलेलं होतं. त्यांना त्याचा राग आला, आणि त्याच्याविषयी वाईटही तितकंच वाटलं.

“उद्या तू सांगशील की मी सांगू?” त्यांनी शेवटी विचारलं.

“मी सांगतो,” तो म्हणाला. “पण डॉक्टरांना आज सांगू नका. आजची रात्र तरी त्यांना झोपू दे.”

बाईंनी सांगितलं नाही. ते बरोबर केलं की चूक, हे त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही.

७

शुक्रवारी किल्लीदाराने समितीसमोर उभं राहून सगळं सांगितलं, कागद न बघता. स्वतःची बाजू त्याने मांडली नाही. मुलीचं नावही काढलं नाही. बाईंनी पानाचा हिशेब समजावला, आणि वीस मिनिटांत सिस्टरवरचा आरोप उरला नाही. अधीक्षकांनी तसं लिहून घेतलं आणि त्यांच्याकडे बघून मान खाली घातली.

डॉक्टर एवढा वेळ हलले नव्हते. आता ते किल्लीदाराकडे वळले.

“मी खाली आलो होतो तो खरं ऐकायला,” ते म्हणाले. “तेवढ्यासाठीच आलो होतो. तू वीस म्हणाला असतास तर मी त्याच पावली वर जाऊन सांगितलं असतं. तेवढं बळ तेव्हा माझ्यात होतं. तू मला घरी पाठवलंस, आणि तीन दिवस मी या सिस्टरना खोटं ठरवत हिंडलो.”

 किल्लीदाराने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवायला हात पुढे केला. मग थांबला, आणि तो बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो घेतला. घ्यावा लागला.

सगळे उठू लागले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “एक राहिलंय.”

परवाना शाबूत होता, नाव धुऊन निघालं होतं. आणखी काय राहिलं, असं अधीक्षकांच्या चेहऱ्यावर उमटलं. सिस्टर उभ्या राहिल्या. गेले तीन दिवस त्यांच्या आवाजात असलेलं चाचरणं आता गेलं होतं.

“मी आकडा बरोबर वाचला. हे कळल्यावर काल रात्री मला झोप लागेल असं वाटलं होतं. नाही लागली. वीस मी आधीही दिलंय, जड माणसांना. हे गृहस्थ काडीसारखे होते. माझा हात एक क्षण थांबला होता. एक फोन करायचा होता, डॉक्टरांना, खरंच वीस का म्हणून. डॉक्टर दमलेत, उगाच कशाला उठवायचं, म्हणून मी केला नाही. हेही लिहून घ्या.”

अधीक्षकांनी पेन उचललं नाही. ते लिहायची गरज नाही, असं एक सदस्य हळुवारपणे म्हणाले. सिस्टर बसल्या नाहीत. लिहून होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि शेवटी ते लिहावं लागलं.

व्हरांड्यात बसड्रायव्हरची मुलगी बाकावर बसली होती. मंगळवारपासून ती रोज येत होती. वडिलांना कुणी मारलं एवढंच तिला ऐकायचं होतं, आणि रोज तिला सांगितलं जात होतं की चौकशी चालू आहे. दार उघडलं तशी ती उठली.

आत डॉक्टर जागचे हलत नव्हते. सिस्टर त्यांच्या खुर्चीपाशी आल्या आणि वाट बघत थांबल्या. “चला,” त्या म्हणाल्या. “दोघांनी मिळून सांगू.”

डॉक्टर उठले. बाई दारापासून बाजूला झाल्या, आणि ते दोघं तिच्याकडे गेले.